दोन बोटं

ज्या वर्षी आमच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, त्याच वर्षीची ही गोष्ट. मी पाहिली आहे, मी ऐकली आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या. मलाही ती पटली नसती तर बरं झालं असतं.

ते पहिल्यांदा घडलं तेव्हा रात्र नव्हती. दुपारचे चार वाजले होते आणि शेडच्या पत्र्यावर कडक ऊन होतं.

मी आणि माझा मोठा भाऊ मिळून गॅरेज चालवायचो. दादा शिकलेला, मी अंगठेबहाद्दर. हत्यारं माझी, कागद त्याचे.

बहिणीचे मालक, आमचे दाजी, डोंगरावरच्या दवाखान्याची फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी गाडी चालवायचे. एक दिवस गाडी घेऊन आले.

"मेहुणे, चढावर पुढची चाकं ओढतच नाहीत. लग्नाला आल्यासारखी नुसती सोबत येतात."

या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक हब असतं. फोर-व्हीलचा दांडा ओढून गाडी पुढे घेतली की ते आपोआप अडकतं, आणि चाक ओढायला लागतं. सोडवायचं असेल तर दांडा परत टाकायचा आणि गाडी दहा फूट मागे घ्यायची. आतून 'कट्' असा आवाज येतो.

दोन चाकं, दोन कट्. एकच आला तर दुसरं हब लागलेलंच नव्हतं किंवा सुटलेलं नाही.

मी दोन्ही हब उघडली. उजवं ठणठणीत होतं. डाव्याच्या आतली कडी झिजून गुळगुळीत झाली होती.

"दादा, नवी कडी लागेल."

"बसवतो मी. तू जेवून ये, ठोंब्या."

जेवून आलो, तर हब बंद करून तो हात पुसत होता.

हे तपासायला दोन माणसं लागतात. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने चाकापाशी कान देऊन बसायचं. इंजिनच्या आवाजात चालवणाऱ्याला काही कळत नाही. खालचा सांगेल ते खरं.

मी गाडी पुढे घेतली. दांडा टाकला. दहा फूट मागे आलो.

दादाने हात वर केला. दोन बोटं.

मग त्याने गाडीच्या कामाचं कार्ड पुढे धरलं. "कर अंगठा."

"काय लिहिलंय?"

"गाडी दिली, असं लिहिलंय. तुला काय कादंबरी वाटली?"

मी अंगठा उठवला.

दाजींबरोबर बहीणही आली होती. तिने मला बाजूला घेतलं.

"भाऊ, दादाचं राहू दे. तू स्वतः ऐकलंस ना?"

"ऐकलं," मी म्हणालो. सख्ख्या भावावर कोण संशय घेतो?

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला दाजी औषधांची खोकी घेऊन वर निघाले होते. शेवटच्या चढावर गाडी मागे घसरली आणि दरीत गेली. दाजी जागीच गेले.

चेपलेली गाडी आमच्याच अंगणात आणून टाकली. डावं हब मी एकट्याने उघडलं.

आत तीच जुनी कडी होती. वर घट्ट ग्रीस थापलेलं.

या गाडीत एक हब लागलं नाही की दुसऱ्याचा जोरही वाया जातो. म्हणजे पुढून काहीच ओढत नव्हतं.

"दादा, हे काय?"

तो म्हणाला, "कडी चार दिवसांनी मिळणार होती. गाडी अडवली असती तर दवाखान्याचं काम दुसऱ्या गॅरेजला गेलं असतं. चार दिवस निघतील असं वाटलं." आणि हळूच, "तिला सांगू नकोस. ऐकलं असं तूही म्हणालास."

मी हब परत बंद केलं.

त्यानंतरच्या दुपारी आम्ही दोघं शेडमध्ये होतो. चार वाजले...

अंगणात खडी करकरली.

बाहेर आलो. गाडीतलं इंजिन काढलेलं होतं. चाकांना दगड लावलेले होते. दगड जागेवरच होते...

गाडी दहा फूट मागे होती.

मग उजव्या चाकातून आवाज आला... कट्.

आम्ही दुसऱ्याची वाट पाहत उभे राहिलो.

दुसरा आलाच नाही.

मी दादाकडे पाहिलं. त्याचा उजवा हात हळूहळू वर जात होता.

दोन बोटं.

"दादा, हात खाली घे."

"मी नाही रे उचललेला," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग हे रोजचंच झालं. आम्ही गाडी भंगारात दिली. तरी चार वाजता रिकाम्या जागेतून आवाज यायचा. दादाने गॅरेजला येणं सोडलं, तर आवाज त्याच्या घरी यायला लागला. एक कट्. मग शांतता. मग दादाचा हात.

शेवटी तो इस्पितळात होता. खाटेच्या चाकांना ब्रेक लावलेला होता. नर्स आत गेली तेव्हा दादा गेलेला होता आणि खाट भिंतीपासून दहा फूट लांब उभी होती. उजव्या हाताची दोन बोटं ताठ होती. ती शेवटपर्यंत कुणाला मिटवता आली नाहीत.

पुढे साठीत मी नातीकडून अक्षरं शिकलो. दादाच्या ट्रंकेत ते कार्ड होतं. सगळ्यात आधी मी तेच वाचलं. अक्षर दादाचं होतं.

"दोन्ही हबचा आवाज मी स्वतः ऐकला."

खाली माझा अंगठा.

मी बहिणीशी खोटं बोललो, त्याच्या आधीच दादाने ते माझ्या नावावर लिहून ठेवलं होतं.

ज्या दिवशी कार्ड वाचलं, त्या दिवसापासून आवाज माझ्याकडे येतो. आमच्या दारात गाडी नाही, खडी नाही. चार वाजले की मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो. कालपासून उजवा हात दाबून राहत नाही.

दाजी गेले बहिणीच्या लग्नाच्या वर्षी, अकरा मार्चला. दादा सात वर्षांनी गेला, अकरा मार्चलाच. बहीण गेल्या महिन्यात गेली, चार तारखेला, सकाळी. तिला मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.