लहान एम, मोठा डब्ल्यू

बाईंच्या टेबलावर एकच कागद होता, आणि भोवती बसलेली तिघंही त्याच्याकडे पाहायचं टाळत होती. पंख्याचा वारा त्याचा कोपरा उचलायचा, पुन्हा अलगद ठेवायचा.

प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या बाईंनी अखेर चष्मा काढला. एका छोट्या लेझर दिव्याची शक्ती मोजून दिलेलं ते प्रमाणपत्र ग्राहकानं परत पाठवलं होतं. लहान एमच्या जागी मोठा एम पडला होता, आणि पाच मिलिवॅटचे पाच मेगावॅट झाले होते. सोबत चिठ्ठी — ‘या दिव्यावर आमचं अख्खं गाव चालेल काय?’

खाली समोर बसलेल्या दोघांच्या सह्या. मोजणारा म्हणून त्याची, तपासनीस म्हणून तिची.

“टाइप मी केलं. चूक माझी,” तो म्हणाला.

बाईंनी शांतपणे नियम सांगितला. चूक एकाची असेल, तर त्यानं उद्यापासून तळमजल्यावर, वजनांच्या विभागात जायचं. दोघांची असेल, तर महिन्याभराची प्रमाणपत्रं दोघांनी मिळून पुन्हा वाचायची. संध्याकाळी पाच वाजायच्या आत खुलासा हवा, आणि तो तपासनिसानं लिहायचा.

तिनं कागदावरच्या आपल्या सहीकडे पाहिलं. चार वर्षांत तिच्या नजरेतून एक टिंबही निसटलं नव्हतं. सगळा विभाग तिला ‘लाल शाई’ म्हणायचा, आणि वरकरणी रागावली तरी ते नाव तिनं मनात जपलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी तो नवा आला, तेव्हा त्याचा पहिलाच कागद तिनं अकरा लाल वर्तुळं काढून परत केला होता. तो भांडायलाच आला. किलो म्हणजे हजारपट, मग त्याला मोठा के का नको?

“मोठं अक्षर मेगापासून वरच्यांना,” तिनं मान वर न करता सांगितलं होतं. “आणि माणसाचं नाव लाभलेल्या एककांना. किलो बिचारा लहानच.”

“माझ्या नावाचं एकक निघालं तर?”

“आधी नीट मोजायला शिका.”

तो हसला होता, आणि ती... तिनं टोपण नसलेल्या पेनाचं टोपण शोधलं होतं.

तेव्हापासून रोज दुपारी तेच. प्रत्येक प्रमाणपत्र तपासनिसानं मोठ्यानं वाचायचं, मोजणाऱ्यानं आपल्या वहीशी ताडून ‘हो’ म्हणायचं, ही तिथली रीत. लहान के, मोठा एच, लहान झेड. हो. लहान एम, मोठा ए. हो. एवढ्याशा अक्षरांतून त्याचा ‘हो’ रोज थोडा अधिक संथ, अधिक जवळचा होत गेला होता.

आपल्या जागेवर येऊन तिनं खुलाशाचा कोरा कागद पुढे ओढला. त्यानं चुकून मोठा एम टाइप केला, हे लिहिलं की संपलं. तिचं नाव जसंच्या तसं राहिलं असतं. समोरची खुर्ची तेवढी रिकामी झाली असती... तिनं बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं. मग एकच ओळ लिहिली, आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

“खुलाशावर तुमचीही सही लागते. वाचा. मोठ्यानं.”

त्यानं वाचलं, “‘वाचन करताना माझं लक्ष कागदावर नव्हतं.’”

रीतीप्रमाणे आता तिनं ‘हो’ म्हणायचं होतं. त्याऐवजी तिनं त्याच्या वहीकडे बोट केलं.

त्यानं आपली वही उघडली, त्या दिवसाचं पान काढलं, आणि हळूहळू काहीतरी त्याच्या ध्यानात येऊ लागलं.

“तुम्ही ‘लहान एम’ असंच वाचलं होतं,” तो म्हणाला. “मला आठवतंय. माझ्या वहीत लहानच होता, म्हणून मी ‘हो’ म्हणालो. पण कागदावर तर मोठा होता. म्हणजे तुम्ही पाठ असल्यासारखं...” त्यानं वहीतून मान वर केली. “कागदावर नव्हतं, तर लक्ष होतं कुठे?”

तिनं पेन त्याच्या हाती दिलं. त्यानं सही केली — वाकडी, घाईची; त्याची नजर तिच्यावरून हटत नव्हती. शाई वाळेपर्यंत ती थांबली. मग तिनं कागद उचलला, पेन मात्र त्याच्याकडेच राहू दिलं, आणि लांबलचक व्हरांड्यातून ती बाईंच्या खोलीकडे चालू लागली.