क्रुसावरच्या देवाला डोळे

भजे खायलाव ना पोरहो? खाऊन घ्या. मंग खाववणार न्हाई.

मानवतचा मुंजाजी पेंटर माझ्या बैठकीतला. गणपतीचे डोळे काढावे तर त्यानंच. एप्रिल दोन हजार तेवीस, सहा तारीख, हनुमान जयंतीचा गुरुवार. परभणीतल्या एका छोट्या चर्चमधून बोलावणं आलं. क्रुसावरची लाकडाची जुनी मूर्ती रंगवायची व्हती. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. त्या दिवशी लोक तिच्या पायाचं चुंबन घेतेत.

फादर म्हणले, "मुंजाजीभाऊ, जखमा खऱ्या वाटू द्या. रक्त, पू, सगळं."

"अन् डोळे?"

"मिटलेलेच. मेलाय तो."

"देवाला असं घाण करून ठिवू?"

"आमच्यात कला त्याच्यासाठीच असते. दुःख दिसलं पाहिजे. नसंल जमत तर सांगा, दुसरा बघतो."

तीस वर्सांत त्याला 'दुसरा बघतो' कुणी म्हणलं न्हवतं. झोंबलं. "जमतंय," म्हणला. फादर गेले तसं यानं हातापायाच्या, बरगडीच्या सगळ्या कोरलेल्या जखमांत लांबी, म्हंजी पुट्टी, भरली. वरून गुळगुळीत गोरा रंग. उद्या बघू द्या म्हणला, देव कसा दिसतोय.

अन् डोळे काढल्याबगर आमच्यात मूर्ती सोडत न्हाईत.

रात्री साडेनऊला डावा डोळा काढला. मंग उजवा.

वास आला. मेलेल्या म्हशीचा येतो, तसा. उंदीर मेलाय म्हून बाकाखाली बघितलं. काईच न्हाई. वर बघितलं...

बरगडीतली लांबी फुगायलती.

फुटली.

पिवळं. कोमट. बोटावर आलं... तार धरायलं.

"आजोबा, बास की!"

का गं भक्ती, भजं अडकलं का?

अन् ते डोळे. यानंच काढलेले. याच्याकडंच बघायलते.

"मिटतो... मिटतो बाबा..." फडक्यानं पुसले. पळाला.

शुक्रवारी सांजच्याला फादरचा फोन. "भाऊ, कमाल केली! काय जखमा काढल्यात! म्हाताऱ्या ढसाढसा रडल्या. असा कलाकार न्हाई बघितला."

मुंजाजीनं एक बी जखम रंगवली न्हवती.

"एक विचारू का? रंगात गूळबीळ घातलाय का?"

"...का?"

"मूर्तीच्या पायावर माश्या बसल्यात. हाकलल्या तरी उठंनात."

मुंजाजीनं फोन कानाला गच्च लावला.

"ज्यांनी चुंबन घेतलं त्यांच्या ओठावर बी बसायल्यात, भाऊ... माझ्या बी."