कढई रिकामी होती

शेवंतीची आणि दगडूची गाठ पडली ती एका तुटलेल्या पट्ट्यामुळं.

तीन वर्षं झाली त्याला. एप्रिलचं ऊन, लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत बायकांची ही झुंबड, आणि शेवंतीच्या नेहमीच्या कांडपवाल्याच्या मशीनचा पट्टा नेमका तेव्हाच तुटला. सहा किलो मिरची कडेवर घेऊन ती समोरच्या दुकानात शिरली. तिथं दगडू. नाकातोंडाला रुमाल, भुवयांवर लाल धूळ, नुसते डोळे तेवढे माणसाचे.

"ठेवून जा बाई. चारला या."

"जाते कशाला? माझ्या बेडगीत कुणाची लवंगी मिसळलीत म्हणजे?"

आपला मसाला कुटून होईस्तोवर मुसळांसमोरून हलायचं नाही, ही आपल्या गिरणगावातल्या बायकांची जुनी खोड. शेवंती तर पावणेतीन तास उभी राहिली. शेवटी दगडूनंच गुळाचा खडा पुढं केला.

"घ्या. सतरा शिंका झाल्या तुमच्या."

"मोजत होतात?"

"डोळे तेवढे मोकळे होते... काय करणार?"

शेवंती हसली नाही. पण मसाला घेऊन जाताना तिनं वळून बघितलं — आणि पुढच्या उन्हाळ्यापासून त्याच्याच दुकानात ती मसाला भाजायच्या कामाला लागली. तिकडं मुसळं धडाधडा पडायची, इकडं तिची कढई. तो 'शेवंती' म्हणायचा, ती 'मालक' म्हणायची, आणि मालक म्हणताना अशी मान वेळावायची की मालकालाच नोकर झाल्यासारखं वाटावं.

शेवंती भोईवाड्याची. आईचं आजारपण काढता काढता लग्नाचं वय निघून गेलं, आता सत्तेचाळीस. दगडू एकावन्नचा. त्याची बायको राधा सहा वर्षांपूर्वी गेली. भांडी घासताना छातीत कळ आली नि उठलीच नाही.

यंदा पाडव्याला मिरचीची पाटी उतरवता उतरवता दगडू म्हणाला, "शेवंती, रोज एक डबा तू आणतेस, एक मी आणतो. एकाच घरातून आला तर... एकच पुरेल की."

शेवंतीच्या छातीत एक ठोका पडला. दुसरा पडलाच नाही. आणि मग चार-पाच एकदम धावत आले, घशापर्यंत. डोळ्यांपुढं काजवे. तिनं कढईचा कान घट्ट धरला.

"बघू," एवढंच बोलली.

आता तुम्ही म्हणाल, प्रेमात असंच होतं. अहो, पण दोन महिने हे चाललं होतं! जिन्यात, देवळात, नुसतं पडल्या पडल्यासुद्धा. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. दगडूला तर नाहीच. एकदा पोळलेल्या माणसाच्या गळ्यात दुसरं फुटकं काळीज कुठं बांधायचं?

'बघू'वर सव्वा महिना गेला. दगडूनं पुन्हा विचारलं नाही. आणि मग आली ती आकांक्षा.

चाळिशीची, शीवची. केस मोकळे, हसली की अख्खं दुकान वळायचं. दोन किलो मसाल्यासाठी बाई तीनदा आली. आली की मुसळांमागच्या कोपऱ्यात दगडूशी कुजबुज. दगडू रुमाल खाली करून बोलायचा! शेवंतीनं त्याचं नाक एवढा वेळ सलग कधी बघितलं नव्हतं.

दगडूची पद्धत अशी, की प्रत्येकाच्या डब्यात नावाची चिठ्ठी टाकायची. 'सुंदराबाई, ३ किलो.' बस. हिच्या डब्यात शेवंतीनं डोकावून बघितलं — 'आकांक्षा मॅडम, २ किलो. दोनदा चाळणे.'

दोनदा!

त्या दिवशी शेवंतीनं धणे करपवले. जन्मात पहिल्यांदा.

"काय गं, लक्ष कुठंय तुझं?" दगडू ओरडला.

"तुमच्या गिऱ्हाइकांत."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. दोनदा चाळा."

आणि तिथंच तिला गरगरलं. ती खाली बसली. दगडूनं मशीन बंद केलं. ऐन सीझनमध्ये, दारात अकरा बायका उभ्या असताना! मनगट धरून तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी नाडी बघितली, कार्डिओग्राम काढला.

"आत्ता तर कार्डिओग्राम चांगला दिसतोय. पण नाडीत ठोका मधेच चुकल्यासारखा वाटतो. पाळी जायचं वय आहे, थायरॉइड असेल, नाहीतर ठोक्यांचंच काही असेल. एक दिवस ठोके टिपणारं मशीन अंगावर लावून ठेवू, म्हणजे कळेल."

"माझी ओळख आहे," दगडू म्हणाला. "मशीन लावणाऱ्या मॅडम आपल्याच गिऱ्हाईक आहेत."

शेवंतीनं डोळे मिटले. कोण ते विचारायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच परळच्या तपासणी सेंटरात पडद्यामागं आकांक्षा शेवंतीच्या छातीवर स्टिकर चिकटवत होती. एकेक वायर लावत होती. हात गार, मऊ. शेवंतीचे हात बघावेत तर नखांत तिखट.

"तुमच्याबद्दल खूप ऐकलंय, ताई."

"आणि मी तुमच्याबद्दल काहीच नाही," शेवंती म्हणाली. बाई गोड हसली. तेही आवडलं नाही.

"उद्या सकाळपर्यंत हे काढायचं नाही, आंघोळ नाही. बाकी रोजची कामं करा. आणि ही डायरी. धडधडलं की वेळ लिहायची, आणि तेव्हा काय करत होतात ते."

दुकानात परत आली, तर हात मिरचीत. पेन धरणार कोण? दगडूनं डायरी स्वतःच्या खिशात टाकली. "तू सांग, मी लिहितो. चिठ्ठ्या लिहिण्यात आयुष्य गेलंय माझं."

साडेअकराला आकांक्षा मसाला न्यायला हजर. दगडूनं डबा स्वतः पुसून दिला. चहा मागवला.

"लिहा," शेवंती दातांत म्हणाली. "धडधड."

"काय करत होतीस?"

"दिसत नाही? मिरच्या भाजत होते."

दगडूनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा कढईकडं, आणि लिहीत बसला. एवढुश्या गोष्टीला केवढं लिहितोय हा माणूस!

दिवसभरात पाच वेळा तिनं 'लिहा' म्हटलं. पाची वेळा तेच उत्तर — मिरच्या भाजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं टॅक्सीनं परळला निघाले. दगडू खिडकीकडं तोंड करून डायरीत काहीतरी खरडत होता. शेवंतीच्या मनात एकच — आत्ता ही वायर सुटेल, त्या बाईच्या हातात माझ्या काळजाचा कागद जाईल, मग ती ह्याला सांगेल. हिचं काही खरं नाही म्हणून. मग डबा कुणाचा आणि काय...

आकांक्षानं मशीनला हात लावण्याआधी डायरी उघडली. वाचता वाचता ओठ चावला. मग राहवेना, ती फस्सकन हसली.

"काय झालं?" शेवंती तडकली. "माझं मरण आलंय नि तुम्ही हसता?"

"ताई... तुम्हीच ऐका. 'साडेअकरा. आकांक्षा मॅडम आल्या. शेवंतीला धडधड. म्हणते मिरच्या भाजत होते. कढई रिकामी होती.'"

शेवंतीचे कान तापले. दगडू दाराशी उभा, चपलेकडं बघत.

"'पावणेबारा. मॅडमना चहा दिला. पुन्हा धडधड. कढई रिकामीच. बारा. मॅडम गेल्या. आराम वाटला. साडेचार. मॅडम परत कधी येणार, असं शेवंतीनं तीनदा विचारलं. धडधड.'" आकांक्षानं डोळे पुसले. "अहो ताई, हे कोपऱ्यात माझ्याशी काय बोलायचे माहितीय? एक बाई सारखी छातीवर हात ठेवते, विचारलं तर सांगत नाही, काय करू? तीनदा आले, तिन्ही वेळा विषय तुम्हीच."

शेवंती दगडूकडं वळली. "तुम्हाला... माहीत होतं?"

"डोळे मोकळे असतात माझे," तो पुटपुटला. मग मान वर केली. "राधानं पण लपवलं होतं, शेवंती. महिनाभर. मला त्रास नको म्हणून. ठोके चुकूदेत गं. औषध असतंय त्याला. पण तू लपवू नको. ते मला दुसऱ्यांदा नाही झेपायचं."

आकांक्षानं डायरीचं शेवटचं पान शेवंतीपुढं धरलं. टॅक्सीतलं वेडंवाकडं अक्षर —

'आठ पन्नास. टॅक्सीत बसलो. शेवंतीला काही नाही. मला धडधड. कारण — डबा एक की दोन, अजून कळलं नाही.'

शेवंतीनं आपले हात बघितले. दोन दिवसांत पहिल्यांदाच धुतलेले, कोरडे. तिनं आकांक्षाच्या कानामागचं पेन काढून घेतलं आणि खाली लिहिलं —

'नऊ दहा. एकच. भाकरी माझी, मासे तू आण दगडू.'

मशीन अजून अंगावरच होतं.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी चष्मा वर केला. "मधे मधे जादा ठोके पडतायत, पण घाबरायचं काही नाही. थायरॉइडचं रक्त तपासा, चहा कमी करा, झोप घ्या. सहा महिन्यांनी पुन्हा बघू." मग कागदावर पेन टेकवलं. "फक्त हे बघा, सकाळी नऊ दहाला ठोके एकदम उसळलेत. आणि तुमच्या डायरीचं नेमकं तेच पान फाटलंय. काय करत होतात तेव्हा?"

दगडूनं शर्टाच्या खिशावर हळूच हात ठेवला. घडी केलेला कागद आत वाजला.

शेवंतीनं त्याच्याकडं बघितलं. मान वेळावली.

"मिरच्या भाजत होते, डॉक्टर."