परकं कोकरू

शरद लागला की डोंगरातल्या आमच्या कारा-अल्मा गावात घरांना कुलपं लागतात. सगळं गाव अक्रोड वेचायला वर जंगलात तंबू ठोकून राहतं. त्या वर्षी आम्हीही गेलो. मी, बायको जिपारा, सासूबाई आणि आमची तान्ही मेरिम.

तापात जिपाराचं दूध आटलं होतं. बकरीचं पाजलं की मेरिम ओकून टाकायची. तिचं रडणंही बारीक होत चाललं होतं. शहरातल्या डॉक्टरांनी हात टेकले होते.

सासूबाईंनी पाळणा एका जुन्या अक्रोडाखाली ठेवला. वनखात्यात झाडं मोजण्यात माझा जन्म गेला. अक्रोडाखाली सहसा काही धड वाढत नाही. या झाडाच्या बुंध्याशी मात्र त्याचीच रोपं दाटीनं उभी होती, आणि त्या कोरड्या वर्षीही त्यांची पानं तुकतुकीत होती.

दुसऱ्या दिवशी मेरिम रडली नाही. मला वाटलं, संपलं. धावत गेलो, तर शांत झोपलेली. ओठ ओले.

हळूहळू तिच्या गालांवर बाळसं दिसू लागलं. बकरीच्या दुधाची बाटली मात्र तशीच भरलेली. तुम्ही हिला काय पाजता, असं मी सासूबाईंना विचारलं. त्या अक्रोड सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "मेंढीला परकं कोकरू लावतो ना आपण, जावईबापू? एकदा चाटलं की तिचंच."

त्या दुपारी मी पाळण्यावरची दुलई बाजूला केली. आमचे पाळणे जमिनीवर टेकतात, आणि बाळाची शू खाली जावी म्हणून त्यांना तळाशी भोक असतं. त्यातून एक मूळ वर आलं होतं. पांढरं, दोऱ्याएवढं. त्याचं टोक मेरिमच्या तोंडात होतं.

ती चोखत होती.

मी सुरी काढली.

जिपारानं माझं मनगट धरलं. "राहू द्या," झाडाकडे बघत ती म्हणाली. "मला नाही जमलं. तिला जमतंय."

मी सुरी मिटली.

बर्फाची चाहूल लागली तशी माणसं उतरू लागली. आम्ही सगळ्यांत शेवटी निघालो. जिपारा बुंध्याला गाल लावून बराच वेळ उभी होती. मग मूळ आपणहून मातीत गेलं. वारा नव्हता, तरी झाडानं सगळी पानं एकदम गाळली.

मेरिम आता चार वर्षांची आहे. सगळं खाते, अखंड बडबडते. फक्त अंगणात एका जागी फार वेळ उभी राहिली, की तिला उचलताना मला जरा जोर लावावा लागतो. माती तिचे पाय पटकन सोडत नाही.