तोंडातल्या टाचण्या

"देवाची देणगी हो, दुसरं काय!"

धाकटी हसत हसत म्हणाली आणि तिच्या पायाशी गुडघे टेकून झग्याची उसवलेली किनार टाचणाऱ्या ताईचा हात थबकला. तोंडात चार टाचण्या धरलेल्या, म्हणून बरं... नाहीतर कार्यक्रमाआधी मुलाखत घ्यायला आलेल्या पत्रकारासमोरच तिचा संयम सुटला असता! त्याने विचारलं होतं ते धाकटीच्या पहिल्या रेकॉर्डबद्दल. गाण्याच्या मध्यावर शब्द संपतात आणि नुसता स्वर सॅक्सोफोनशी खेळत, भांडत, वर वर चढत जातो, त्या जागेबद्दल. सगळं जग धाकटीला जॅझची सम्राज्ञी म्हणायचं ते त्या एका जागेपायी.

आणि तो स्वर होता ताईचा!

रेकॉर्डिंगच्या दिवशी धाकटीचा घसा ऐन मोक्याला बसला. कंपनीचे साहेब घड्याळ बघायला लागले, एकोणीस वर्षांची पोर रडकुंडीला आली, तेव्हा ताईच माइकपुढे उभी राहिली आणि वर स्वतःच म्हणाली, "नाव तिचंच घाला." तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण कुणी आवाज ओळखू नये म्हणून पुढे वीस वर्षं ताई कपडे वाळत घालतानासुद्धा गुणगुणली नाही! धाकटी मात्र कार्यक्रमात ती जागा आली की सॅक्सोफोनवाल्याकडे हात करून बाजूला सरायची, आणि लोक म्हणायचे, काय हा विनय... विनय कसला डोंबलाचा!

पत्रकाराने जाता जाता विचारलं, "या बाई कोण?"

"ही? आमची ताई. माझे कपडे बघते."

दार लागलं. ताईने टाचण्या तळहातावर काढल्या.

"कपडे बघते? अगं, मी नाव मागितलं नाही, मान मागितला नाही... पण मला देवाच्या नावावर खपवतेस? एवढा तुझाच आवाज असेल ना, तर आज ती जागा गाऊन दाखव!"

धाकटी पांढरीफटक पडली. "ताई, हळू बोल ना... कुणी ऐकेल."

"वीस वर्षं हळूच बोलतेय मी!"

तेवढ्यात रंगमंचावरून बोलावणं आलं आणि किनार अर्धीच राहिली. ताई विंगेत जाऊन उभी राहिली. सवयीने टाचण्या पुन्हा ओठांत गेल्या होत्या.

गाणं त्या जागेपाशी आलं. सॅक्सोफोनवाल्याने वाद्य ओठांना लावलं, पण धाकटीने हात वर करून त्याला थांबवलं. तिने तोंड उघडलं... स्वर उमटेना.

"ही जागा मला येत नाही," ती कशीबशी म्हणाली. "कधीच येत नव्हती. रेकॉर्डवर माझी ताई गायली आहे. मी... मी तिचा आवाज चोरला. ताई, ये ना गं!"

ताईचा राग काही निवला नाही. वीस वर्षांनी सुचलं शहाणपण! पाठ फिरवून चालतं व्हावं, असंच तिला वाटलं. पण समोर तीच रडकुंडीला आलेली पोर उभी होती, आणि तिच्या झग्याची अर्धी किनार लोंबत होती... ताई तरातरा पुढे गेली. ओठांतल्या टाचण्या काढून तिने त्या धाकटीच्या हातात ठेवल्या.

"धर. आता तू गप्प बस."

धाकटी खरंच तिच्या पायाशी बसली. ताईने डोळे पुसले आणि सॅक्सोफोनवाल्याकडे बघून मान हलवली.