दर दोन तासांनी दहा मिनिटं

हॉटेलची लिफ्ट बंद होती, आणि माझी खोली होती सहाव्या मजल्यावर.

एका हातात कपड्यांची बॅग, खांद्यावर हत्यारांची पिशवी. मी हॉस्पिटलांमधली एक्स-रे मशीन दुरुस्त करते. महिन्यातले वीस दिवस माझा मुक्काम कुठल्या ना कुठल्या गावच्या हॉटेलात असतो आणि चौदा किलोची ती पिशवी माझ्या खांद्यावर असते. तिसऱ्या मजल्यावर छातीचा भाता झाला. कठड्याला टेकून उभी राहिले, तर वरून एक माणूस उतरत आला. पस्तिशीच्या आसपासचा, दोन्ही हातांत पाण्यानं भरलेली एकेक मोठी बाटली. माझ्याकडे बघून जरासा हसला आणि खाली गेला.

मी चौथ्या मजल्यावर पोचते न पोचते तोच तो मागून वर आला. बाटल्या तशाच भरलेल्या! आणि पाचव्या मजल्याच्या वळणावर मी दम खात होते, तेव्हा पुन्हा वरून खाली.

आता मात्र राहवेना.

"तुमचं काही हरवलंय का?"

"हरवलं नाही अजून," तो थांबून म्हणाला. "हरवायचंय. कमरेचे दोन इंच."

मला हसायचं होतं, पण हसायलाही दम लागतो. त्यानं माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"ती द्या इकडे."

"नको, खूप जड आहे."

"म्हणून तर मागतोय. या बाटल्यांचं आता काही वाटेनासं झालंय."

आणि त्यानं खरोखरच बाटल्या माझ्या हातात दिल्या, पिशवी खांद्याला अडकवली आणि निघाला. उरलेला दीड जिना मी त्या बाटल्या उचलून चढले. ही मदत होती की मलाच कामाला लावलं होतं… खोलीचं दार लावल्यावरही मला ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या खोलीत मी नेहमीप्रमाणे केकचे दोन तुकडे आणि कॉफी घेऊन बसले. तो समोरच्या टेबलावर. दोन उकडलेली अंडी, वाटीभर दही, आणि खिशातून काढलेल्या छोट्या सुरीनं तो काकडी कापत होता. इतकं मन लावून, जणू एखादं ऑपरेशन चाललंय. शेजारी पत्र्याचा एक डबा, झाकण घट्ट लावलेला.

त्या डब्यात काय असेल? माझा स्वभावच असा. बंद झाकण दिसलं की उघडून बघावंसं वाटतं, म्हणून तर या धंद्यात आले.

"डब्यात काय आहे?" मी शेवटी विचारलंच.

"ओळखा."

"औषधं?"

"चुकलात."

"गोड काहीतरी. चोरून खायला."

तो मोठ्यानं हसला आणि डबा माझ्यापुढे सरकवला. फुटाणे, शेंगदाणे आणि एक सफरचंद. "दुपारी रस्त्यात भूक लागली की माणूस समोर येईल ते खातो. म्हणून समोर काय यावं, ते मी आधीच ठरवून ठेवतो."

त्यानं माझ्या ताटलीकडे नुसतं पाहिलं. पण केकचा दुसरा तुकडा मला तसाच ठेवावा लागला.

तो लांब पल्ल्याची बस चालवायचा. पुढच्या गावी मला जायचं होतं ती बसही नेमकी त्याचीच निघाली. प्रवासी त्याला 'कप्तान' म्हणत. का, ते दोन तासांनी कळलं. एका मोकळ्या जागी गाडी थांबवून तो उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, दहा मिनिटं! बसला तीन फेऱ्या. ज्यांना चालायचं नाही त्यांनी निदान खाली उतरून आळस द्या."

दोघे-तिघे कुरकुरले. पण पहिल्या सीटवरच्या एक आजी पदर खोचून उतरल्या आणि अशा काही ताठ चालू लागल्या की बाकीच्यांना लाजेनं मागे जावंच लागलं. बारीक भुरभुर पाऊस होता. कप्तान सगळ्यांच्या शेवटी, खांदे गोल फिरवत. मी मुद्दाम मागे राहिले.

"हे तुमच्या कंपनीच्या नियमात आहे का?"

"विश्रांतीची दहा मिनिटं नियमात आहेत. फेऱ्या माझ्या."

"पण का?"

"फार प्रश्न विचारता हो तुम्ही."

"अजून सुरुवातही नाही केली!"

त्यानं थांबून माझ्याकडे पाहिलं. पापण्यांवर पावसाचे थेंब होते त्याच्या. "असं करू," तो म्हणाला. "एका थांब्याला एकच प्रश्न. नाहीतर गाडी वेळेवर पोचायची नाही."

"मग हाच. का?"

चालता चालता तो म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी वार्षिक तपासणीत नापास झालो. बीपी इतकं वर, की डॉक्टरांना वाटलं मशीनच बिघडलंय. दुसरं आणलं. तेही तेच म्हणालं. चार महिने गाडी हातात नव्हती. माझ्या खिडकीतून माझी बस जाताना दिसायची… दुसरंच कोणीतरी चालवत असायचं. त्या खिडकीला मी पडदा लावून घेतला."

माझा प्रश्न संपला होता आणि फेरीही.

त्यानंतर मी माझे दौरे त्याच्या बसच्या वेळा बघून आखू लागले. हे मी कोणाला सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा नाही. मशीन काय, सोमवारी दुरुस्त केलं काय नि मंगळवारी केलं काय! प्रश्न मात्र मी जपून ठेवायचे. हॉटेलात जेवण मागवताना तुम्ही आधी काय बघता? ("भाज्या कुठल्या आहेत ते. बाकीचं नंतर.") खोलीत जागा नसेल तर व्यायाम कसा? ("खुर्ची असते ना? वीस वेळा बसा, वीस वेळा उठा. पण पाय वाजवू नका, खालचे लोक तक्रार करतात.") गोड कधीच खात नाही? ("खातो की. पण बसून, चव घेत. गाडी चालवताना नाही.")

एका थांब्यावर मीच सांगितलं, की ऑफिसच्या तपासणीत माझी साखर काठावर आली आहे. माझे बाबाही फिरतीवर असायचे, आणि त्यांना साखरेच्याच आजारानं नेलं. घरी आई मोजूनमापून सगळं नीट वाढते. पण बॅग उचलली की माझा तोल जातो. स्टेशनवरचा वडा, हॉटेलातला केक… एकटीनं खाल्लेलं कोण बघतंय?

"मी बघतोय," तो सहज म्हणाला. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन घाईनं टायर तपासायला वाकला. टायर ठीक होता, मला दिसत होतं.

त्या दिवसापासून मला बसल्याजागी उगाचच हसू यायचं.

एकच प्रश्न असा होता की त्याचं उत्तर मिळेना. "घरी काय खाता?" असं विचारलं की तो घड्याळ बघायचा. "दहा मिनिटं झाली, चला." झालेली असायची सात.

घरी कोणी असेल का? बायको? हा विचार आला तेव्हा खिडकीबाहेरची झाडं मला एकदम नकोशी वाटली. सरळ विचारून टाकलं. तो इतका दचकला की बाटलीतलं पाणी शर्टवर सांडलं. "नाही हो! आई बहिणीकडे असते, भाचीला सांभाळायला. मी एकटाच आहे."

मग लपवायचं काय होतं?

पुढच्या महिन्यात त्याच्याच शहरात माझं काम दुपारीच आटपलं. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. मी फोन केला.

"येऊ का? पत्ता सांगा."

"आज जरा… घर आवरलेलं नाही."

"मी घर बघायला येत नाहीये."

आणि गेले. दार उघडलं तेव्हा तो शाळेत पकडलेल्या पोरासारखा उभा होता. शेगडी इतकी चकचकीत, की तिच्यावर कधी काही उतू गेलंच नसावं. कचऱ्याच्या टोपलीत नूडल्सची रिकामी पाकिटं, वेफर्सची पाकिटं. फ्रिज उघडला. लोणच्याची बाटली, आणि बस्स.

"कप्तान!"

"माहितीये," तो खाली बघत म्हणाला. "रस्त्यावर सगळं जमतं. डबा असतो, थांबे असतात, माणसं असतात. इथे आलो की… एकट्यासाठी कुकर लावावासा वाटत नाही. उभ्याउभ्याच खातो. सगळे मला बघून फेऱ्या मारतात, आणि मी इथे असा. तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"

"पुढची तपासणी कधी?"

"दहा दिवसांनी."

मला राग यायला हवा होता. पण वाटलं, हा माणूस बरोबर माझ्या उलटा आहे. माझा तोल घराबाहेर पडल्यावर जातो, याचा घरात शिरल्यावर.

"पिशवी घ्या," मी म्हटलं. "बाजारात जाऊ."

दुधी, टोमॅटो, पालक, मसूर डाळ घेऊन आलो. ओट्यापाशी उभी राहिले आणि तेव्हा मला आठवलं, की मला तर काहीच येत नाही! घरी आई करते, बाहेर हॉटेलवाले करतात.

"डाळीला पाणी किती घालायचं?" मी विचारलं.

"मला विचारताय?"

शेवटी आईला फोन लावला. स्पीकरवर.

"डाळ? तू करतेयस?" आई म्हणाली. "बरी आहेस ना? कुठे आहेस तू?"

"एका… ओळखीच्यांकडे."

"ओळखीचे की ओळखीचा?"

कप्तान पालक धुता धुता कानांपर्यंत लाल झाला.

"नमस्कार," तो नळाकडे बघतच म्हणाला.

"नमस्कार. पाणी अडीच वाट्या घाला. आणि मीठ कमी. बीपी नाही ना कोणाला?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं, आणि मला हसू आवरेना. डाळ थोडी खाली लागली, पालक जास्त शिजला. पण आम्ही टेबलापाशी बसून जेवलो, सावकाश. जेवता जेवता त्यानं मला 'तू' म्हटलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि मीठ मागण्याच्या निमित्तानं मीही 'तू' म्हणून घेतलं.

"मीठ मिळणार नाही," तो म्हणाला.

तपासणीच्या दिवशी त्याचा फोन आला नाही. दुपारी नाही, चार वाजता नाही. मी एका मशीनचा एकच स्क्रू तीनदा काढला आणि तीनदा बसवला. सहाला फोन वाजला.

"काठावर आहे," त्याचा आवाज कोरडा होता. "गाडी काढून घेतली नाही, पण महिनाभर लांबचा पल्ला बंद. शहरातल्या शहरात फेऱ्या. मग पुन्हा तपासणी." जरा थांबून म्हणाला, "म्हणजे रोज घरी. तिथेच तर माझं घोडं अडतं. आणि… आता तुझ्या रस्त्यावर मी नसेन."

मी लगेच म्हटलं, "आठ वाजता व्हिडिओ कॉल करते. काहीतरी शिजवून ताट वाढून बस. मीही बसते."

असा आमचा परिपाठ पडला. मी कुठल्यातरी हॉटेलच्या खोलीत, तो त्याच्या टेबलापाशी. फोन ग्लासाला टेकवायचा, आधी आपापलं ताट दाखवायचं. केक मागवायची माझी छाती होईना. तो दुधी चिरायला शिकला, मग घेवडा, मग मटारचं सूप. पहिल्या आठवड्यात त्यानं एक पातेलं जाळलं आणि तेही मोठ्या अभिमानानं दाखवलं. जेवून झालं की फोन हातात धरून तो त्याच्या रस्त्यानं चालायचा, मी माझ्या. त्याच्याकडचे दिवे, माझ्याकडची झाडं एकमेकांना दाखवायचो.

बाविसाव्या दिवशी फोन लागला, तेव्हा त्याच्या टेबलावर दोन ताटं होती.

माझा घास हातातच राहिला. "कोण आलंय?"

"कोणी नाही."

"मग दुसरं ताट कुणाचं?"

तो चमच्याशी चाळा करत राहिला. "सवय लावतोय."

"कसली?"

"तुला विचारायची हिंमत अजून होत नाहीये. ती होईपर्यंत निदान टेबलाला तरी सवय व्हावी… दोघांची."

हॉटेलच्या त्या खोलीत पंखा फिरत होता, खाली कुणीतरी गाडीचं दार लावत होतं. मला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

"स्वयंपाकाला बोलावतोयस का मला?" मी कसंबसं म्हटलं.

"तुला येतो तरी का? नाही. समोर बसायला. शिजवीन मी. तुझी फिरती तशीच राहू दे, मीही परत लांबच्या गाडीवर जाणारच आहे. पण घरी असू तेव्हा…" तो थांबला. "घरी असू तेव्हा एकत्र असू. एवढंच."

मला खूप काही बोलायचं होतं. मी म्हटलं ते एवढंच, "तपासणी होऊ दे. मग येते."

पुढच्या शुक्रवारी तो पास झाला. त्यानं फोन केला तेव्हा मागे डेपोतले सगळे ओरडत होते, त्यामुळे त्यातलं मला अर्धंच ऐकू आलं. शनिवारी दुपारी मी त्याच्या दारात उभी होते.

त्यानं डाळ केली होती, घेवड्याची भाजी आणि काकडीची कोशिंबीर. समोरासमोर बसलो. मी पहिला घास घेतला. तो घास न घेता माझ्याकडे बघत राहिला, डोळ्यांत नुसती धाकधूक.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

"कमीच राहणार. चालेल तुला?"

"किती वर्षं म्हणालास?"

तो गोंधळला. "मी… वर्षं कुठे म्हणालो?"

"मग म्हण ना!"

त्यानं चमचा खाली ठेवला, टेबलावरून हात पुढे केला आणि म्हणाला. किती, ते मी आईलासुद्धा सांगितलं नाही. मी त्याचा हात धरला तो उजव्या हातानं, म्हणून मग डाव्या हातानंच जेवले, अगदी सावकाश, ताटातलं सगळं संपेपर्यंत.