क कडुबाचा

मी साठीनंतर अक्षरं शिकले, म्हणून माझी नात विशाखा हिनं मला तिच्या कामात घेतलं. संभाजीनगरला सिडकोतल्या आमच्या घरी बसून ती मोठ्या माणसांना वाचायला शिकवणारं मोबाइलचं अ‍ॅप बनवते. अक्षर दाबलं की शब्द ऐकू येतो. आवाज माझा.

‘क’पाशी ती म्हणाली, “आजी, कडुबा म्हण.”

“नवऱ्याचं नाव? जन्मात घेतलं नाय.”

“आता आबा थोडेच रागावणारेत?”

त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असलं आमच्या घरात कोणी मानत नाही. सवय नव्हती, एवढंच. मी नाव म्हटलं.

विशाखाच्या कामाची रीत मला आवडते. सकाळी सगळ्या कामाची ताजी प्रत उतरवून घ्यायची, ते चेकआउट. काही बदललं की काय बदललं ते ओळीभर लिहून, आपल्या नावानिशी परत जमा करायचं, ते कमिट. जुनं पुसलं जात नाही. कुठल्याही दिवसाची प्रत परत काढता येते.

बुधवारी प्रत उतरवताना तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. “‘क’ कोणीतरी बदललाय. कमिटला नाव नाही. ओळही कोरी.”

तिनं दाबलं. “कडुबा,” माझा आवाज. मग शांतता, आणि शांततेत लांबवर घासत येणारी चप्पल.

“पंखा असंल,” मी म्हणाले. तिनं जुनी प्रत लावली.

गुरुवारी पुन्हा कोरं कमिट. चप्पल जवळ आली होती. मुरमावरून, एक पाय ओढत. फर्दापूरच्या आमच्या अंगणात मुरूम होता. इथं फरशी आहे. विशाखानं ऑफिसात विचारलं. कोणी हात लावला नव्हता.

शुक्रवारी माझ्या हाकेनंतर खोकला आला. मग “ओ”.

विशाखा उभीच राहिली. “आजी, हे आबाच.”

“व्हय.”

“सोमवारी हे लोकांच्या हातात जाणार. काढावं लागेल.”

घरात त्यांचा फोटो होता. आवाज कुठंच नव्हता, आणि मी तो विसरत चालले होते. “एवढं राहू दे ना गं.”

“जुनं पुसलं जात नाही, आजी. म्हणशील तेव्हा काढून देईन.”

“मग काढ.”

तिनं पहिल्या दिवसाची प्रत लावली. ‘क’ दाबला. नुसता माझा आवाज. ओळ लिहून, नाव घालून तिनं कमिट केलं.

यादीत तिच्या कमिटवर लगेच आणखी एक आलं. कोरं.

“या वेळी ‘क’ नाही,” ती हळूच म्हणाली. “‘म’ बदललाय.”

‘म’ला आम्ही मका ठेवला होता.

तिनं ‘म’ दाबायला बोट उचललं.

“मुक्ता.”

सगळ्या संसारात त्यांनीही कधी माझं नाव घेतलं नव्हतं. ‘अगं’ म्हणायचे.

“ओ,” मी म्हणाले.

विशाखानं माझ्याकडं पाहिलं. “आजी, कोणाला?”

तिचं बोट अजून हवेतच होतं.